विहीर, पंप आणि हवेचे ओझे

ज्या गावात विहिरीवर पंप बसलेला आहे त्या गावात पदार्थविज्ञानाची एक शाळा चाललेली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र त्या शाळेचे धडे बहुधा फी भरल्यावरच कळतात. आणि ती फी कधी कर्जाच्या रूपाने द्यावी लागते, तर कधी माणसाच्या जिवाने. माध्यमिक शाळेच्या पुस्तकांत ‘हवेचा दाब’ ह्या नावाचे प्रकरण असते. मुले ते पाठ करितात, परीक्षेत त्याची व्याख्या लिहितात, आणि घरी येऊन बापाशेजारी विहिरीच्या काठावर उभी राहतात तेव्हा सकाळी वाचले तेच आपल्या डोळ्यांपुढे चालले आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून आज हे प्रकरण वर्गात न उघडता विहिरीच्या काठावर उघडावे असा आमचा विचार आहे. जे वाचक संध्याकाळी वाडीतील मुलांना अभ्यासास बसवितात त्यांनी ह्यातील प्रयोग स्वतः करून पाहावेत व मग मुलांकडून करवून घ्यावेत. ह्याला तांब्या, पेला, एक जाड पुठ्ठा आणि स्वयंपाकघरातील दोन जिनसा ह्यांखेरीज काही लागत नाही.

प्रथम हे पक्के केले पाहिजे की, हवा ही एक वस्तू आहे. रिकामा तांब्या पालथा धरून बादलीतील पाण्यात सरळ खाली दाबावा. पाणी आत भरत नाही. तोच तिरपा करावा. गुडगुड करीत बुडबुडे वर येतात आणि पाणी आत शिरते. तांब्या आपण रिकामा म्हणत होतो, पण तो हवेने भरलेला होता व ती निघून गेल्यावाचून पाण्यास जागा मिळेना. जी वस्तू जागा अडविते तिला वजनही असते. समुद्रकिनाऱ्याजवळ एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. ह्या हिशेबाने दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतील हवा सुमारे ३४ किलोग्रॅम, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या वजनाएवढी असते. ह्यावर एखादा चौकस मुलगा म्हणेल की, पिशवी हवेने फुगवून तोलली तर काटा हालत नाही. त्याची शंका खरी आहे. पाण्यात बुडालेली पाण्याची पिशवी जशी हाताला जड लागत नाही, तशी हवेत तोललेली हवेची पिशवी काट्याला जड लागत नाही. परंतु चामड्याचा फुटबॉल आधी सैल असताना नाजूक तराजूत तोलावा, मग पंपाने हवा ठासून पुन्हा तोलावा. चार-पाच ग्रॅमांचा फरक दिसतो. ते ठासलेल्या जादा हवेचे वजन होय.

आता दाब म्हणजे काय ते पाहू. पुस्तकात लिहिलेले असते की, बलाला क्षेत्रफळाने भागिले म्हणजे दाब येतो. हे वाक्य मुलांच्या तोंडी असते, परंतु त्याचा अर्थ त्यांच्या आईला अधिक ठाऊक असतो. डोक्यावर हंडा घेण्यापूर्वी ती कापडाची चुंबळ करून ठेविते. चुंबळीने हंड्याचे वजन रतिभरही कमी होत नाही; उलट चुंबळीचे वजन वर चढते. पण हंड्याचा गोल बूड जेथे दोन बोटांएवढ्या जागेवर टेकला असता तेथे आता त्याचा भार पसरून मोठ्या जागेवर पडतो, आणि डोके दुखत नाही. वजन तेच, जागा अधिक, म्हणून दाब कमी. विळीला धार लावितात ती ह्याच्या उलट कारणासाठी: हाताचा जोर तोच, पण जागा केसाएवढी अरुंद, म्हणून दाब इतका मोठा की भोपळाही चिरला जातो. दाब आणि वजन ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे ज्याला चुंबळीवरून कळले त्याला पुढचे सर्व कळेल. (पुस्तकात बल न्यूटनमध्ये आणि दाब पास्कलमध्ये मोजतात व ते योग्यच आहे. येथे आम्ही बाजाराच्या सोईसाठी किलोग्रॅमचा भार म्हणत आहो. मुलांनी परीक्षेत तसे लिहू नये.)

आपल्या माथ्यावर कित्येक कोस उंच हवेचा थर आहे. जमिनीवर एक चौरस सेंटिमीटर जागा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा, आखून घ्या व तिच्यावर आभाळापर्यंत उभा असलेला हवेचा खांब कल्पनेने पाहा. समुद्रसपाटीवर त्या खांबाचे वजन १.०३३ किलोग्रॅम असते. हात पसरला तर तळहाताच्या शंभर चौरस सेंटिमीटरांवर क्विंटलभराहून थोडे अधिक ओझे आले. मग हात मोडत का नाही? कारण तेवढ्याच जोराने हवा हाताच्या खालूनही वर दाबीत असते. हवा आणि पाणी ह्यांचा हा विशेष आहे की, ती केवळ खाली दाबीत नाहीत; खाली, वर, आडवी, सर्व बाजूंनी सारखीच दाबितात. पेला पाण्याने काठोकाठ भरून त्यावर पुठ्ठा ठेवावा, हाताने पुठ्ठा धरून पेला उलटा करावा, आणि पुठ्ठ्यावरचा हात अलगद काढावा. पाणी पडत नाही. मुलांना ही जादू वाटते. खालून वर दाबणाऱ्या हवेने ते तोलून धरिले आहे, इतकेच.

येथून आम्ही पंपाकडे वळतो, आणि वळताना एक शब्द वाटेतून दूर करू इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘ओढणे’. पंप पाणी ओढतो, नळीने शहाळ्यातील पाणी ओढून प्यावे, असे आपण बोलतो. बोलण्यास हरकत नाही, परंतु समजुतीला हा शब्द फार घातक आहे. पाण्याला दोर बांधता येत नाही. त्याला ओढावयाचे कशाने? नळीतून पिताना आपण करितो ते एवढेच की, तोंड व छाती फुगवून नळीतील हवा थोडी विरळ करितो. नळीच्या आतला दाब कमी झाला, पण शहाळ्याच्या तोंडाशी असलेल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचे ओझे जसेच्या तसे आहे. ते ओझे पाण्याला नळीत ढकलिते. पंपही नळातील हवा काढून टाकण्यापलीकडे काही करीत नाही. विहिरीतील पाणी पंपापर्यंत चढविणारी शक्ती पंपात नाही. ती विहिरीच्या पाण्यावर टेकलेल्या हवेत आहे.

हे आज इतके सोपे वाटते, पण मोठमोठ्या पंडितांना ते उमगले नव्हते. प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्यांपासून अशी शिकवण चालत आली होती की, निसर्गाला पोकळी सहन होत नाही. कोठे पोकळी होऊ लागली की ती भरण्यास पाणी धावते. इटलीतील पंप बनविणाऱ्या कारागिरांना मात्र एक विचित्र अनुभव येई. सुमारे ३४ फुटांपर्यंत पाणी मुकाट्याने चढे. त्यापुढे पंप कितीही चांगला असला तरी एक बोटभरही चढत नसे. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, पण तो ३४ फुटांवर संपतो, हे कसे? गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ह्याचा विचार केला आहे. त्याने असे अनुमान केले की, फार लांब दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो तसा पाण्याचा लांब खांब स्वतःच्या वजनाने तुटत असावा. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचेही अनुमान येथे चुकले. तोही पाणी वरून ओढले जाते असेच धरून चालला होता.

गॅलिलिओ १६४२ साली वारला. त्याच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला तोरिचेल्ली ह्याने प्रश्न उलटा केला. वरून ओढणारे काही नाहीच. खालून ढकलणारे ओझे किती, एवढेच पाहावयाचे. ३४ फूट पाण्याचा खांब जर हवेच्या ओझ्याशी तुल्य असेल, तर पाण्याहून १३.६ पट जड असलेल्या पाऱ्याचा खांब तितक्या पटीने आखूड असला पाहिजे. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून, तोंडावर बोट ठेवून, ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली. पारा थोडा उतरला आणि ७६ सेंटिमीटरांवर थांबला. हा हिशेब मुलांनी स्वतः करून पाहावा. एक चौरस सेंटिमीटर जाडीच्या नळीत ७६ सेंटिमीटर पारा म्हणजे ७६ घनसेंटिमीटर, त्याला १३.६ ने गुणिले म्हणजे सुमारे १०३३ ग्रॅम. तितक्याच जाडीच्या नळीत १०.३३ मीटर पाणी म्हणजे १०३३ घनसेंटिमीटर, त्याचेही वजन १०३३ ग्रॅम. आणि तेवढ्याच जागेवरच्या हवेच्या खांबाचे वजन आम्ही वर १.०३३ किलोग्रॅम सांगितले. तराजूच्या एका पारड्यात आभाळ आहे व दुसऱ्यात पारा किंवा पाणी. काटा मध्यावर आला की खांब थांबला. तोरिचेल्लीने १६४४ साली एका मित्राला पत्रात हे कळविले व त्यात लिहिले की, आपण सर्व हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो.

हे जर खरे असेल तर समुद्राच्या तळाहून वर चढल्यावर ओझे कमी झाले पाहिजे. फ्रान्समधील पास्कल ह्याने ही परीक्षा घेण्याचे ठरविले. त्याची प्रकृती नाजूक, आणि वास्तव्य पॅरिसमध्ये. म्हणून त्याने आपला मेहुणा पेरिए ह्यास लिहिले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिएने क्लेरमाँ शहरात दोन सारख्या नळ्या भरून दोहोंतील पारा समान असल्याची खात्री करून घेतली. एक नळी त्याने तेथील मठाच्या बागेत ठेविली व एका मठवासी गृहस्थास दिवसभर तिच्याकडे पाहात बसण्याची विनंती केली. दुसरी घेऊन तो प्वी-द-दोम नावाच्या डोंगरावर, शहराहून सुमारे एक हजार मीटर वर, चढला. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरलेला आढळला. खाली परत येतो तो पारा पुन्हा जागच्या जागी. आणि मठातील नळीचा पारा दिवसभर हालला नव्हता. आमच्या मते ह्या सर्व प्रकरणात मुलांना शिकविण्यासारखी उत्तम गोष्ट कोणती म्हणाल, तर ती खाली ठेविलेली दुसरी नळी. ती नसती तर एखाद्याने म्हटले असते की, त्या दिवशी हवामानच पालटले असेल.

आमच्या प्रांतात तोच प्रयोग निसर्गानेच मांडून ठेविला आहे. मुंबईस पारा ७६ सेंटिमीटरांच्या आसपास राहतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तेथे तो सुमारे ७१ वर असतो. आणि सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी ६५ च्या आसपास. पाण्याच्या भाषेत बोलावयाचे तर, मुंबईस पंपाला फार तर १०.३ मीटर खोलीवरचे पाणी चढेल, पुण्यास सुमारे ९.७ मीटर, आणि महाबळेश्वरी नऊ मीटरही नाही. कोकणातला आणि देशावरचा पंप एकाच कारखान्याचा असला तरी डोक्यावरचे आभाळ सारखे नाही.

हे झाले निर्दोष पंपाचे. प्रत्यक्षात इतकेही मिळत नाही. नळाच्या आतल्या बाजूला पाणी घासते, वळणांवर अडते, तळाच्या जाळीत व झडपेत अडते. सांध्यांतून हवा शिरते. आणि दाब फार कमी झाला की उन्हाळ्यातले कोमट पाणी नळातच वाफ होऊ लागते. ह्या सर्वांची वजाबाकी केली म्हणजे काठावरच्या पंपाने पाणी सहा ते सात मीटर, म्हणजे २० ते २३ फूट खोलीवरूनच धडपणे चढते. त्याहून खाली पाणी गेले की धार बारीक होते, पंप घरघर करितो, आणि शेवटी नुसता फिरत राहतो.

आता शेतकऱ्याच्या घरी काय होते ते पाहा. मार्गशीर्षात विहिरीला पाणी १५ फुटांवर असते. पंप उत्तम चालतो. चैत्र-वैशाखात ते ३० फुटांवर जाते. पाणी डोळ्यांना दिसते, ऊस वा भाजी करपू लागते, आणि पंप पाणी देत नाही. शेतकरी मनाशी म्हणतो, तीन अश्वशक्तीला झेपत नाही, पाच आणू. पाचाला झेपले नाही तर साडेसात. त्यासाठी सोसायटीचे कर्ज निघते, नाहीतर दागिना गहाण पडतो. नवा पंप येतो, आणि तोही ३० फुटांवरच्या पाण्यापुढे तसाच हात टेकतो. टेकणारच. पंप दहा अश्वशक्तीचा केला म्हणून डोक्यावरची हवा जड होत नाही. दुसरा म्हणतो, नळ जाड घालू. जाड नळात पाणी अधिक मावते हे खरे, आणि त्यातील घासणे कमी होते हेही खरे; पण खांबाचे वजन ज्या पटीने वाढले त्याच पटीने त्याच्या बुडाची जागाही वाढली, म्हणून दाबाचा हिशेब होता तेथेच राहतो. पुन्हा ती चुंबळच आठवावी. विक्रेत्याकडे गेले की तो पंपावरील पट्टी दाखवून सांगतो, ह्याचे हेड तीस मीटर आहे. तो खोटे बोलत नाही. पण ते बहुतेक हेड पंपाच्या वरचे असते. पंपात आलेले पाणी पंप वर किती ढकलील हे मोटारीच्या शक्तीवर आहे. पंपापर्यंत पाणी कोठून येईल हे हवेच्या ओझ्यावर आहे. हे दोन आकडे निरनिराळे विचारून घ्यावेत. नववीतल्या मुलाला हा प्रश्न दुकानात विचारता आला, तर त्याच्या शिक्षणाचा खर्च घरच्यांस त्या एका दिवशी भरून मिळेल.

पंप सुरू करण्यापूर्वी त्यात पाणी का भरावे लागते, ह्याचेही उत्तर येथेच आहे. पंपातील चाक फिरून पदार्थ बाहेर फेकते. हवा पाण्याहून सुमारे आठशे पट हलकी. ती फेकून चाकाच्या पोटात दाब असा कमी होतच नाही. चाकाभोवती पाणी असले तरच ते फेकले जाऊन मागे खरी उणीव पडते. तळाची झडप गळकी असली की रात्रीतून पाणी उतरते आणि सकाळी घागरी ओतीत बसावे लागते.

जुन्या मोटेला आणि रहाटाला ही ३४ फुटांची मर्यादा मुळीच नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बैल नाड्याने मोट खरोखरच ओढीत. तेथे ‘ओढणे’ हा शब्द बरोबर होता. विहीर ६० फूट असो की ८०, नाडा पुरला म्हणजे झाले. आज बोअरवेलवर जो हातपंप दिसतो त्यानेही हीच युक्ती केली आहे. इंडिया मार्क दोन हा पंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने भारतात सिद्ध झाला, आणि त्याचे मूळ आमच्याच सोलापुरास घडविलेल्या पंपात आहे. त्याचा दट्ट्या वर दांड्यापाशी नसून खोल पाण्यात बुडविलेल्या नळकांड्यात असतो, व लोखंडी सळयांनी वरच्या दांड्याला जोडलेला असतो. म्हणून दीडशे फुटांवरचे पाणी एक मुलगीही काढू शकते. थोडी दमेल, इतकेच. पाण्यात बुडणारा विजेचा पंपही खालूनच ढकलितो, म्हणून त्यालाही हवेची मर्यादा लागत नाही. काठावरच्या पंपाचे पाणी तुटले तर अधिक मोठा पंप न घेता असा पंप घ्यावा, नाहीतर आहे तोच पंप खालच्या टप्प्यावर उतरवावा.

परंतु ‘खाली उतरवावा’ हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, कारण जिवाची फी घेतली जाते ती येथेच. विजेचा पंप टप्प्यावर ठेविला तर धूर होत नाही. त्यात विजेच्या धक्क्याचे भय निराळे. पण वीज नसली, किंवा गाळ काढण्यासाठी विहीर घाईने उपसावयाची असली, की लोक केरोसीनचे, पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन दोरांनी विहिरीत सोडितात. काठावरून पाणी चढत नाही म्हणून ते खाली न्यावे लागते. म्हणजे तोरिचेल्लीचा नियमच इंजिनाला विहिरीत ढकलितो. तेथे ते अर्धा-एक तास चालते. मग ते बंद पडते, किंवा डिझेल भरावयाचे असते, आणि एक माणूस उतरतो. तो वर येत नाही. त्याला काढण्यास भाऊ उतरतो, त्याच्यामागून शेजारी. एकाच विहिरीत एका घरची दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचल्या नाहीत असा उन्हाळा आम्हांस आठवत नाही.

इंजिन हवेतील प्राणवायू खाऊन टाकिते आणि धुरातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडिते. ह्या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील तांबड्या द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग रक्त फिरते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. त्याचे वजन हवेएवढेच, किंचित कमी, असल्यामुळे तो तळाशी बसत नाही, वर उडूनही जात नाही. विहिरीच्या थंड, स्थिर हवेत मिसळून राहतो. दिवसा विहिरीतील हवा बाहेरच्या तापलेल्या हवेहून थंड व म्हणून जड असते, त्यामुळे ती आपण होऊन वर येत नाही. विहिरीला वारा लागत नाही, हे तर कोणीही सांगेल.

इंजिन नसतानाही जुनी, झाकलेली किंवा पुष्कळ दिवस न वापरलेली विहीर घातक असू शकते. पाला-पाचोळा कुजतो, प्राणवायू सरतो, कार्बन डाय-ऑक्साइड साचतो. हा वायू हवेहून दीडपट जड आहे. ह्याचा प्रयोग मुलांनी अवश्य पाहावा. एका मोठ्या तांब्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबाचा रस पिळावा, फेस येईल. फेस बसला की बाजूला एका पेल्यात मेणबत्तीचा लहान तुकडा पेटवून ठेवावा, आणि तांब्या त्यावर असा कलता करावा की पाणी मुळीच न सांडता केवळ ‘रिकामी’ जागा ओतली जाईल. काही न पडता ज्योत विझते. जो वायू डोळ्यांना दिसत नाही तो पाण्यासारखा ओतता येतो, हे त्यांना एकदाच दाखविले तर पुरे आहे.

ह्यावरून जुने लोक विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडीत. ती रीत शहाणपणाची होती, पण तिचे अर्धेच ऐकावे. दिवा विझला तर उतरू नये, हे खरे. दिवा जळत राहिला म्हणून खुशाल उतरावे, हे खरे नाही. हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. तो सुमारे १६-१७ वर आला की मेणबत्ती विझते. परंतु माणसाला मारण्यास पुरेल इतका कार्बन मोनॉक्साइड असतानाही दिवा तसाच तेवत राहतो, कारण त्याला तो वायू बाधत नाही. कुजलेल्या घाणीतून निघणारा, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तर अधिक झाला की नाकाची शक्तीच मारितो. वास येईनासा झाला म्हणून हवा सुधारली असे समजू नये. आणि जेथे मैला किंवा शेण साचते अशा टाकीत तर दिवा मुळीच नेऊ नये. तेथील वायू पेट घेतो. लिंबाचा डहाळा दोराने खालीवर करून हवा ढवळण्याची रीत आहे, तीही नसण्यापेक्षा बरी, पण तिच्यावर जीव टांगावा इतकी बळकट नाही.

इंजिन किंवा जनित्र विहिरीत कधीही उतरवू नये. ते काठापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावे आणि पाण्यात बुडणारा पंप त्याच्या विजेवर चालवावा. माणूस पाण्यात असताना तो पंप बंद असावा. उतरण्यापूर्वी लांब नळीने किंवा पंख्याने वरची ताजी हवा थेट तळापर्यंत पुष्कळ वेळ सोडावी. नळी तळापर्यंत गेली पाहिजे, कारण वरून फुंकलेली हवा वरच फिरून परत येते. उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला असावा आणि वर चार धडधाकट माणसे असावीत, म्हणजे तो बोलेनासा होताच दुसरा न उतरता त्याला वर घेता येईल. दोर बांधलेला नसेल आणि तो पडला, तर काठावरच्यांचे सर्वांत कठीण काम हे की, उतरू नये. ११२ ह्या क्रमांकावर अग्निशामक दल व रुग्णवाहिका मागवावी, आणि तोपर्यंत खाली हवा सोडीत राहावे. भावाच्या काळजाला हे ऐकू येणार नाही हे आम्ही जाणतो; म्हणून त्याला धरून ठेवणारे दोघे आधीच ठरवून ठेवावेत.

एक प्रश्न मुले हमखास विचारितील: काल ह्याच विहिरीत मामा उतरले होते, त्यांना काही झाले नाही, मग आज कसे होईल? ह्याचे उत्तर त्या पाऱ्याच्या नळीत आहे. हवेचे ओझे रोज सारखे नसते. पाऊस जवळ आला किंवा समुद्रात वादळ उठले की पारा उतरतो. जमिनीच्या भेगांत आणि मुरमाच्या पोकळ्यांत पुष्कळ हवा कोंडलेली असते, आणि तिच्यात प्राणवायू थोडा व कार्बन डाय-ऑक्साइड बराच असतो. बाहेरचा दाब अधिक असतो त्या दिवशी विहिरीतील हवा त्या भेगांत शिरते व वरून ताजी हवा खाली येते. दाब उतरला की उलट होते. कोंडलेली हवा भेगांतून विहिरीत येऊन साचते. विहीर जणू श्वास घेते आणि सोडते. काल मामा उतरले तेव्हा ती श्वास घेत असेल. म्हणून हवा सोडण्याचे काम ज्या दिवशी उतरावयाचे त्याच दिवशी, उतरण्याच्या घटकेपर्यंत करावयाचे, आणि माणूस आत आहे तोपर्यंत ते थांबवावयाचे नाही.